नानांनी विज्ञानाला गळा दिला

सुनेने सासऱ्याकडे दागिने मागितले, फ्लॅट मागितला, वेगळी चूल मागितली, हे सगळं नाशकात घडून गेलेलं आहे. पण गायधनींच्या मृण्मयीने एका रविवारी, पोह्यांवर लिंबू पिळता पिळता, सासऱ्याकडे चक्क गळा मागितला.

"नाना, तुमचा गळा हवा होता मला. थोडे दिवस."

ढुंढिराज गायधनी, म्हणजे अख्ख्या इंदिरानगरचे नाना, पाटबंधारे खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले होते. उभ्या हयातीत लोकांनी त्यांच्याकडे पाणी मागितलं होतं आणि नानांनी 'प्रस्ताव विचाराधीन आहे' असं कळवलं होतं. सवयीने तेच उत्तर ओठांवर आलं. पण समोर सून होती, आणि पोहे तिने केले होते.

"गळा? कशाला?"

मृण्मयीने पर्समधून एक पारदर्शक रबराची पट्टी काढली. चिकटपट्टीएवढी, मधोमध काळी रेघ. ती इंजिनिअरिंग कॉलेजात पीएचडी करते हे नानांना ठाऊक होतं. कशात करते हे विचारायचं मात्र लग्नापासून राहूनच गेलं होतं.

"हे ग्राफिन," ती म्हणाली. "पेन्सिलीतलं शिसं असतं ना, त्याचाच अगदी पातळ पापुद्रा. त्याची शाई करून रबरावर लावलीये. रबर ताणलं की आतले कण एकमेकांपासून लांब जातात आणि वीज अडखळते. किती अडखळली ते मोजलं की रबर किती ताणलं ते कळतं."

"म्हणजे आमच्या खात्यासारखंच," नाना म्हणाले. "ताण आला की काम अडतं."

"अगदी तसंच. रोबोच्या बोटांना लावतात, माणसाच्या मनगटाला लावतात. आम्ही गळ्याला लावतोय. अर्धांगाचा झटका आला की काही जणांना नीट गिळता येत नाही, घास श्वासनलिकेत जातो. कित्येकदा घरच्यांना कळतसुद्धा नाही. ते या पट्टीने वेळेत कळावं."

"पण मला कुठे झटका आलाय?"

"म्हणून तर तुम्ही हवेत. तुलनेसाठी नॉर्मल माणूस लागतो."

नानांनी चमचा खाली ठेवला. नॉर्मल! लग्न झाल्यापासून मालिनीबाईंनी त्यांना 'जगावेगळं माणूस' याखेरीज दुसरी पदवी दिली नव्हती. पंचवटीतले पौरोहित्य करणारे चुलतभाऊ त्यांना भिक्षुकी सोडून खर्डेघाशी करायला गेलेला वेडा समजत. मुलगा मयुरेश दिवसभर कानात यंत्र खुपसून अमेरिकेशी बोलायचा, त्यामुळे त्याचं मत कळायला मार्ग नव्हता. आणि आता खुद्द विज्ञान म्हणत होतं की मनुष्यमात्राने कसं गिळावं, तर ढुंढिराज गायधनींसारखं!

"घे गळा," नाना म्हणाले.

विज्ञान मागतं एक आणि समिती मागते दुसरंच. कॉलेजच्या समितीने कळवलं की सदर इसमास गिळता येतं, याचा दाखला सरकारी रुग्णालयातून आणावा. नाना निघाले. सोबत शेजारचे देवराम वाजे. देवराम मूळचे सिन्नरकडचे, एसटीचे निवृत्त चालक. नाशिक-मालेगाव रस्त्यावर आयुष्य घालवल्यामुळे कुठल्याही खिडकीसमोरच्या गर्दीत गाडी घालायची त्यांना सवय होती.

खिडकीतल्या बाईंनी विचारलं, "काय होत नाही?"

"सगळं होतं," नाना म्हणाले.

"मग कशाला आलात?"

"सगळं होतं असं लिहून हवंय."

बाईंनी चष्मा वर केला. "आजोबा, इथे न होण्याचा दाखला मिळतो. हात चालत नाही, पाय चालत नाही, दिसत नाही. त्याचे टक्के ठरलेले आहेत. चालतं त्याचे टक्के कसे काढणार?"

"अवो ताई, शंभर टाका की!" देवराम मागून म्हणाले. "मी रोज बघतो ना. नानांचं गिळणं लय जोरात हाय."

शेवटी एका तरुण डॉक्टरला दया आली. रांगेतल्या यच्चयावत जनतेसमोर नानांना बिस्किट खायला लावलं, वर पाणी पाजलं. रांगेतल्या एका बाईने "हळू, बाबा, हळू" म्हणत पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं म्हातारा बऱ्याच दिवसांनी खातोय. दाखल्यावर मजकूर आला तो असा: 'सदर इसमास गिळता येत नाही, असे आढळून आलेले नाही.' नानांनी तो दोनदा वाचला आणि त्यांना भरून आलं. असं वाक्य लिहिणारा माणूस सरकारी नोकरीत अजून शिल्लक होता, म्हणजे राज्याला भवितव्य होतं.

पट्टी चढली. कंठमण्याच्या बरोबर वर ती काळी रेघ, तिथून बारीक तार, तार शर्टाच्या खिशातल्या काडेपेटीएवढ्या डबीत, आणि डबीतून नानांच्या मोबाइलमार्गे सगळी माहिती मृण्मयीच्या लॅपटॉपवर. गिळलं की रेघेचा डोंगर व्हायचा, बोललं की बारीक दाते दिसायचे. घरी कुणीतरी नोंद ठेवायला हवं म्हणून तीच रेघ मालिनीबाईंच्याही फोनवर दिसायची सोय झाली. विज्ञानाच्या इतिहासातली ही घोडचूक मृण्मयीच्या हातून निव्वळ चांगुलपणापोटी झाली.

कारण नानांना साखर होती, म्हणून बाहेरचं खाणं बंद होतं. आणि सकाळी फिरायला जातो सांगून नाना आणि देवराम जॉगिंग ट्रॅकला वळसा घालून थेट मिसळीच्या टेबलावर बसायचे. झणझणीत रस्सा, दही, पापड आणि वर जिलबी. नाशकातल्या माणसाने हे सोडायचं म्हणजे नाशिक सोडण्यासारखंच.

पट्टी लावून नाना पहिल्यांदा परतले तेव्हा मालिनीबाई दारातच उभ्या होत्या.

"ट्रॅकवर काय गिळत होतात?"

"हवा. प्राणायाम."

"प्राणायाम एवढा चावून?" त्यांनी फोन पुढे केला. डोंगरांची अख्खी सातमाळ रांग पसरली होती. "आणि हा शेवटचा उंच सुळका? हा तर सरळ वाटी तोंडाला लावलेली दिसतेय."

नानांनी रेघेकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी अनेक आरोप नाकारले होते, पण आजवर आरोपाबरोबर आलेख जोडलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मिसळ समोर येताच नानांनी पट्टी सोलून टेबलावर ठेवली आणि पापड मोडला. एवढ्यात फोन वाजला.

"अहो, कुठे आहात? तुमची रेघ सरळ झालीये!"

सरळ रेघ म्हणजे काय, हे मालिकांनी घराघरात शिकवून ठेवलेलं आहे. वरच्या मजल्यावरच्या सरिताबाईंनी "नानांची रेघ सरळ झाली" एवढंच ऐकलं आणि पदर डोळ्यांना लावून खाली आल्या. नाना घाईघाईने घरी पोचले तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता आणि सोसायटीचे सेक्रेटरी 'कधी नेणार' अशी हळू आवाजात चौकशी करत होते. नानांना पाहून एकदोघांच्या चेहऱ्यावर, खोटं कशाला बोला, थोडी निराशाच दिसली. ऑफिसला सुट्टी टाकून आलेली माणसं ती.

पण बातमी एकदा गळ्यात अडकली की निघत नाही. गळ्याला काळी पट्टी म्हणजे गळ्याचंच काहीतरी मोठं दुखणं, हे इंदिरानगराने ठरवून टाकलं. सरिताबाई मऊ भात आणू लागल्या. पंचवटीहून वत्सलाबाई आत्यांनी फोन करून जप सुचवला आणि जपाला बसणारे भाऊबंदही सुचवले. कुणी म्हणालं ज्येष्ठमधाची काडी चघळा, कुणी म्हणालं कडुलिंबाचा पाला बांधा, आणि ज्यांना काहीच सुचलं नाही त्यांनी आपल्या ओळखीतला असाच कोण किती दिवसांत गेला ते सविस्तर सांगितलं. खरा घाव घातला तो ज्येष्ठ नागरिक संघाने. 'गंगापूर धरण: काही आठवणी' या विषयावर नानांचं भाषण ठरलेलं होतं. घशाला ताण नको म्हणून संघाने ते परस्पर रद्द केलं आणि त्या जागी हास्यक्लबचा कार्यक्रम ठेवला. नानांना समोर खुर्चीत बसवून मंडळी त्यांच्या तोंडावर खदाखदा हसली.

एवढ्या अपमानानंतर माणसाला मिसळ तरी नको का?

युक्ती नानांनाच सुचली. देवराम हल्ली टेबलावर नुसतेच बसायचे. मिसळ नको म्हणायचे. "उपास हाय," म्हणायचे. सोमवारीही उपास, मंगळवारीही उपास. इतके देव एकाच माणसाला कसे प्रसन्न होणार, असं एकदा नानांच्या मनात आलं होतं, पण तेवढ्यात रस्सा आला आणि विचार मागे पडला.

"देवराम, तुला खायचं नाही ना? मग ही पट्टी तेवढी लाव गळ्याला. नुसता बोलत राहा. मधूनमधून घोटभर पाणी पी. रेघ हलती राहिली म्हणजे झालं."

"आन वैनींनी वळखलं तर?"

"रेघेवर नाव नसतं रे."

देवरामनी गळा पुढे केला. "लावा. एसटीत असताना दुसऱ्याच्या ड्युटीवर लय गाडी मारली. आता दुसऱ्याच्या नावावर पाणी पितो."

व्यवस्था झकास चालली. नाना खायचे, देवराम घोट घ्यायचे, आणि घरी मालिनीबाई फोनवर सात्त्विक रेघ बघून समाधान पावायच्या. "बघा, ठरवलं की जमतं तुम्हाला," असं त्या एकदा म्हणाल्या, तेव्हा नानांना अपराधी वाटलं. पण ते मिसळीबरोबर पचून गेलं.

मग एके दुपारी मृण्मयी कॉलेजातून लवकर आली. चेहरा पांढराफटक. मयुरेशने कानातलं यंत्र काढलं. हे पाहूनच नाना घाबरले, कारण यंत्राशिवायचे मयुरेशचे कान त्यांनी बऱ्याच दिवसांत पाहिले नव्हते.

"नाना, तुम्हाला पाणी पिताना ठसका लागतो का?"

"छे!"

"सकाळी फिरायला गेल्यावर?" तिने लॅपटॉप उघडला. "ही तुमची संध्याकाळची रेघ. एक घोट, एक डोंगर. आणि ही सकाळची. एकाच घोटाला गळा पुन्हा पुन्हा वर जातोय, मधेच अडतोय, आणि नंतर हे जे थरथरणं आहे, तो दाबलेला खोकला आहे. रोज सकाळी. मी डॉक्टर निकितांना दाखवलं. झटका आलेल्या लोकांना परत गिळायला शिकवतात त्या. त्या म्हणाल्या, माणसाला ताबडतोब घेऊन या. असं पाणी फुप्फुसात जात राहिलं तर न्यूमोनिया होतो, माणूस जाऊ शकतो."

मालिनीबाई खाली बसल्या. मग उठल्या, नानांच्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी सगळ्यांदेखत नवऱ्याचा हात धरला. "मी मेली मिसळीवरून बोलत राहिले," त्या म्हणाल्या. "काय हवं ते खा हो तुम्ही."

नानांच्या आयुष्यातला हा विलक्षण क्षण होता. बायको हात धरून बसलेली, मुलगा खांद्यावर हात ठेवून उभा, सुनेच्या डोळ्यांत पाणी, आणि मिसळीला सरकारी मंजुरी. आजारी माणसाला जी प्रतिष्ठा आहे ती लबाड माणसाला नाही, हे नानांना स्वच्छ कळत होतं. गप्प बसलं तर? तपासणीत काहीच निघणार नाही, सगळे देवाचे आभार मानतील, पेढे वाटतील. नाना गप्प बसणारच होते.

पण रेघ तिथेच उघडी होती. तो अडणारा, थरथरणारा गळा कुणाचा, हे त्या खोलीत एकट्या नानांना ठाऊक होतं. सोमवारचा उपास, मंगळवारचा उपास. सैल झालेली विजार. चहा आला की तोंड फिरवून, रुमाल लावून घोट घेणारे देवराम.

"तो गळा माझा नाही," ते म्हणाले.

नंतर जे झालं त्याचं वर्णन नानांच्या प्रतिष्ठेसाठी थोडक्यात करणं बरं. मालिनीबाईंनी हात सोडला. मयुरेशने यंत्र कानात परत घातलं, पण ते बंदच होतं, वडिलांचा जबाब त्याला पूर्ण ऐकायचा होता. मृण्मयीने फक्त लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "काका आत्ता घरी आहेत का?"

देवराम घरी एकटेच होते. मुलगा सोमनाथ सिन्नरच्या एमआयडीसीत कामाला, सून शाळेत. नाना आत जाऊन उभेच राहिले.

"देवराम, चहा पिऊन दाखव."

"आत्ताच झाला."

"पाणी पी मग."

"उपास हाय."

"कुणाचा? नाव सांग देवाचं."

देवरामना चटकन देव आठवेना. ते खिडकीबाहेर पाहू लागले. नानांनी स्वतः माठातून पेला भरला आणि समोर धरला. देवरामनी तो घेतला, थोडा वेळ हातात धरला आणि एक घोट घेतला. गळा वर गेला, अडला, परत वर गेला. मग त्यांना असा ठसका लागला की डोळे बाहेर आले आणि पेला हातातून सुटला. नाना पाठ चोळत राहिले. आपण या माणसाला रोज घोट घ्यायला लावत होतो, आणि समोर बसून जिलबी खात होतो, हे त्यांना तेव्हा नीट दिसलं.

"कधीपासून?"

"दिवाळीनंतर एकदा सकाळी तोंड जरा वाकडं झालं व्हतं. दुपारपातुर सरळ झालं," देवराम श्वास घेत म्हणाले. "म्हनलं, गेलं. तवापासनं घास उतरत नाय नीट."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगून काय करू? सोमनाथ गावाला नेऊन बसवील. खाटेवर. एसटीचा डायवर हाय मी, नाना. माझ्या गाडीत कोनाला ठसका लागला तर मी गाडी थांबवायचो. आपली गाडी कुठं थांबवायची?"

"इथेच," नाना म्हणाले. "चप्पल घाल."

देवराम हलेनात. तेव्हा नानांनी पाटबंधारे खात्यात कधीही न केलेली गोष्ट केली. प्रकरण पुढे न ढकलता स्वतः खाली बसून त्यांनी देवरामच्या पायात चपला सरकवल्या. देवराम इतके ओशाळले की मुकाट्याने उठले.

डॉक्टर निकितांनी त्यांना एक्स-रेच्या पडद्यासमोर बसवून पांढरं पातळ औषध गिळायला लावलं. घोटातला थोडा थोडा भाग चुकीच्या वाटेने जाताना सगळ्यांना दिसला. मेंदूला लहानसा झटका येऊन गेला होता आणि दुसरा येण्याच्या वाटेवर असू शकत होता. औषधं सुरू झाली. छातीत जंतुसंसर्ग नुकताच धरू लागला होता, तो तिथेच थांबला. सोमनाथ धावत आला. त्याने बापाला गावाला न्यायचं नावही काढलं नाही, नुसता हात धरून बसला आणि अधूनमधून नानांकडे असा बघायचा की नानांना पाया पडून घ्यावं की माफी मागावी ते कळेना.

मृण्मयीच्या समितीने मात्र कायद्याप्रमाणे डोळे वटारले. परवानगी एका गळ्याची, मोजला गेला दुसराच! नानांची सगळी मोजणी रद्द झाली. तिला काम पहिल्यापासून करावं लागणार होतं. दोन-तीन दिवस तिने सासऱ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. नाना तिच्या खोलीच्या दाराशी घुटमळायचे आणि परत फिरायचे. शेवटी एकदा आत शिरून म्हणाले, "माझी चूक झाली. विचाराधीन वगैरे नाही. झालीच."

मृण्मयीने मान वर केली. "देवरामकाकांनी पेशंट म्हणून सही केलीये," ती म्हणाली. "पट्टीने खरा पेशंट पकडला, हे डॉक्टरबाईंनी समितीला सांगितलं. त्यामुळे काम बंद नाही पडलं. पण नॉर्मल माणूस आता मी दुसरा बघणारे."

"कोण?"

"आई."

मालिनीबाईंनी गळ्याला पट्टी लावून घेतली ती थेट ठुशी घातल्याच्या थाटात.

देवराम घरी आल्यावर खरी पंचाईत सुरू झाली. निकिताबाईंचा हुकूम होता: पातळ काहीही चालणार नाही, चहासुद्धा पावडर घालून दाट करून प्यायचा. घोट घेताना हनुवटी छातीला टेकवायची, गिळून होईपर्यंत एक शब्द बोलायचा नाही. मालिनीबाईंनी केलेला पहिला कप देवरामनी पाहिला आणि बाजूला सारला.

"हा चहा हाय? पोस्टर चिकटवायची खळ हाय ही. मी नाय पिणार."

सोमनाथने विनवलं, मृण्मयीने समजावलं. देवराम घाटात अडकलेल्या ट्रकसारखे ठप्प. तेव्हा नाना पुढे सरकले आणि मालिनीबाईंना म्हणाले, "अगं, मलाही तोच दे."

"तुम्हाला कशाला?"

"दे तर."

दोन्ही कप आले. नानांनी हनुवटी छातीला टेकवली, घोट घेतला, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते पाहून मयुरेशने तोंड फिरवलं. बोलायला बंदी असल्यामुळे नानांना काही म्हणताही येईना. आयुष्यात प्रथमच त्यांनी एखादी गोष्ट मत न देता गिळली.

देवराम बघत होते. मग त्यांनी कप उचलला. मान खाली घातली. घोट घेतला. खोलीतली सगळी माणसं एका सुरकुतलेल्या गळ्याकडे टक लावून पाहत होती. गळा वर गेला. खाली आला. थांबला.

ठसका लागला नाही.

देवरामनी हळूच मान वर केली. त्यांनी आणखी एक घोट घेतला, मग आणखी एक, आणि कप रिकामा करूनच खाली ठेवला.

"वैनी," ते म्हणाले, "लय बेकार चहा झालाय."

आणि कप पुढे केला.

"अर्धा कप आनखी द्या."